दप्तरात न सापडणारा चांगुलपणा

मागच्या लेखात आपण साधनांची विश्वासार्हता कशी तपासायची ते पाहिलं. या वेळी जरा अडचणीचा विषय घेऊ. समजा, तुम्हाला ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि लहानसहान दयेची कामं’ यावर संशोधन करायचंय. इथे शाळा, इस्पितळं किंवा अनाथाश्रम अभिप्रेत नाहीत. त्यांची दप्तरं असतात, पायाभरणीचे दगड असतात, वार्षिक अहवाल असतात. विषय लहान कामांचा आहे. तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याच्या उशाशी एक रात्र, प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसाशी नीट बोलणं. याचा पुरावा कुठे शोधणार?

आणि समजा तुम्ही हमरापूरचे आहात. पेणजवळचं हे गाव पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आहे, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यातून दरवर्षी लाखांनी मूर्ती बाहेर पडतात. एका मूर्तीमागे किती हात असतात ते तुम्ही पाहिलंय: साचा एकाचा, घासकाम दुसऱ्याचं, रंग तिसऱ्याचा, आणि डोळ्यांची आखणी तर सगळ्यांना जमतच नाही. पण मुंबईतल्या मांडवात बसलेल्या मूर्तीकडे बघून आखणी कोणी केली हे सांगता येत नाही. आपल्या विषयाची अडचण नेमकी तीच आहे. काम दिसतं, करणारा दिसत नाही. कधीकधी तर उलटंच होतं, करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात मिळतं आणि ज्याच्यासाठी केलं तो गायब.

“आमच्या भागात ख्रिस्ती कुठे?” असं तुम्ही म्हणाल. पण या किनारपट्टीवर या विषयातलं एक फार विलक्षण प्रकरण घडलंय, आणि त्यात ज्यांच्यावर दया झाली ते ख्रिस्ती नव्हते, पुढेही झाले नाहीत.

बेने इस्रायल समाज तुम्हाला माहीत असेल. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, ती कोकणात स्थायिक झाली, अशी त्यांची परंपरागत कथा. तेल गाळण्याचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे, अलिबाग-रेवदंड्यालाही आहे. शतकानुशतकं हा समाज मराठी बोलत इथे राहिला. शनिवार पाळला, सुंता पाळली, खाण्यापिण्याचे नियम पाळले, पण हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ यांच्याशी संबंध जवळपास तुटलेला.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. थोड्याच वर्षांत त्यांनी मराठी शाळा सुरू केल्या, बेने इस्रायल मुलं त्या शाळांत जाऊ लागली, त्यांच्यातलेच काही शिक्षक झाले. जुना करार हळूहळू मराठीत उपलब्ध होत गेला. पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. कशासाठी? हेतू लपवलेला नव्हता. यहुद्यांनी स्वतःचे ग्रंथ वाचावेत आणि त्यातून येशूपर्यंत यावं, अशी आशा होती.

झालं भलतंच. समाजाने व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, मराठी जुना करार घेतला, आणि तो अधिक चांगला यहुदी झाला. धर्मांतरं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. (श्रेय एकट्या मिशनऱ्यांचं नाही. कोचीनच्या यहुदी शिक्षकांचाही मोठा वाटा होता. हे सांगायचं राहिलं की मिशनचा इतिहास लगेच फुगतो.) या समाजाचा पहिला मोठा इतिहास हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात अमेरिकन मिशनरी आणि विल्सन यांच्याबद्दल कृतज्ञता मोकळेपणाने व्यक्त केली आहे. लिहिणारा माणूस आयुष्यभर कट्टर यहुदी राहिला, स्वतः समाजासाठी शाळा काढणारा.

संशोधक म्हणून तुमच्यासाठी ही फार महत्त्वाची जागा आहे. मिशनऱ्यांच्या दयेबद्दल वाचायला घेतलं की दोन तयार उत्तरं समोर येतात. एक, ती निर्मळ सेवा होती. दुसरं, ते आमिष होतं, लोक पोटासाठी बाटले. दोन्ही बाजूंना भरपूर कागद सापडतात, म्हणून दोन्ही बाजूंचे प्रबंध लिहून होतात. मी एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात केलं, त्यामुळे सवयीने प्रश्न पडतो: हे दोन दावे वेगळे कसे करायचे? हेतू तर कोणाच्या डोक्यात शिरून बघता येत नाही. पण एक गोष्ट बघता येते. समोरच्याने नकार दिल्यावर काय झालं? आमिष असेल तर मासा लागत नाही म्हटल्यावर गळ काढून घ्यायला हवा. बेने इस्रायलांच्या बाबतीत समाज बाटत नाही हे लवकरच उघड झालं होतं, तरी शिकवणं पुढे अनेक दशकं चाललं. यातून हेतू शुद्ध होता हे सिद्ध होत नाही. एवढंच म्हणता येतं की आमिष या एका शब्दात ते मावत नाही. संशोधनात एवढंच म्हणता येणं पुष्कळ झालं.

आता दुसरं प्रकरण, जे मला स्वतःला सोडवत नाही.

१८१३ मध्ये आलेल्यांपैकी एक गॉर्डन हॉल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे, मुंबईत राहून मराठी शिकलेले. १८१७ मध्ये बंगालमध्ये सुरू झालेली कॉलऱ्याची साथ १८१८ मध्ये मुंबईला पोहोचली होती. हॉलचे सहकारी सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये मुंबईतच कॉलऱ्याने गेले. म्हणजे हा रोग काय करतो हे हॉलना ऐकून नव्हे, घरातून माहीत होतं. मार्च १८२६ मध्ये ते दोन ख्रिस्ती मुलांना बरोबर घेऊन घाटावर दौऱ्याला निघाले आणि नाशिकला पोहोचले, तेव्हा तिथे कॉलरा थैमान घालत होता. ते काही दिवस थांबले, पत्रकं वाटली, प्रवचनं केली, आणि जवळची औषधंही वाटली. औषधं संपत आली तसे परत निघाले. १९ मार्चच्या रात्री वाटेतल्या एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला. तिथे दोन आजारी माणसं होती. उरलेल्या औषधातलं जवळजवळ सगळं त्यांना दिलं. पहाटे हॉलना स्वतःला कॉलरा झाला. पुरेसं औषध शिल्लक नव्हतं. २० मार्च १८२६ ला, काही तासांतच, ते गेले. वय ४१. बरोबरच्या मुलांनी तिथेच पुरलं. अमेरिकन मिशनने मराठीत केलेला नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

आता यातलं विज्ञान बघा. त्या काळी कॉलऱ्यावर दिली जाणारी औषधं म्हणजे मुख्यतः कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आणि लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क. सोबत ब्रँडी. कॉलऱ्यात माणूस मरतो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. हे औषधाने भरून निघत नाही, आणि कॅलोमेल तर वर जुलाब करवतं. जॉन स्नोने कॉलरा आणि दूषित पाणी यांचा संबंध ठामपणे दाखवला तो १८५४ मध्ये. कॉख यांनी जंतू ओळखला १८८३-८४ मध्ये. मीठ-साखर-पाण्याच्या साध्या द्रावणाने मोठ्या संख्येने जीव वाचवता येतात हे दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत दाखवलं ते १९७१ मध्ये. त्या हिशेबाने ओसरीवरच्या दोघांना मिळालेलं औषध बहुधा निरुपयोगी होतं, आणि हॉलनी ते स्वतःसाठी राखून ठेवलं असतं तरी फारसा फरक पडला नसता.

मग त्या कृतीचं काय करायचं? वैद्यकाचा इतिहास लिहिणारा ‘अपयशी उपचार’ म्हणून ती बाजूला ठेवेल. मला वाटतं ते घाईचं होईल. उपचार अपयशी होता हे आपल्याला माहीत आहे. हॉलना नव्हतं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते स्वतःचा जीव वाचवणारी वस्तू दोन अनोळखी माणसांना देत होते. ऐतिहासिक कृतीचं मोजमाप करणाऱ्याच्या ज्ञानाच्या कक्षेतच करायचं, हा नियम आपण एरवी पाळतो. इथेही पाळायला हवा.

पण खरी गोम पुढे आहे. हे सगळं आपल्याला कळतं कसं? बरोबरच्या मुलांनी मुंबईत येऊन सांगितलं, सहकाऱ्यांनी बॉस्टनला लिहून पाठवलं, तिथे ते छापून आलं आणि मग हॉलच्या प्रत्येक चरित्रात गेलं. त्या चरित्रपर मजकुरात बहुतेक ठिकाणी मुलांचा उल्लेख ‘दोन ख्रिस्ती मुलं’ एवढाच असतो, जणू ती सामानाबरोबर आली होती. ज्यांनी अनोळखी गावात, साथीच्या तडाख्यात, एका परक्या माणसाचं शेवटचं सगळं केलं, ते दोघे. आणि ओसरीवरचे दोन आजारी? ते जगले की मेले हेही कोणी लिहिलेलं नाही. देणाऱ्याचं नाव, वय, जन्मगाव, कॉलेज सगळं उपलब्ध. घेणारा एका वाक्यापुरता.

याचं कारण साधनांच्या स्वभावात आहे. मिशनचे अहवाल आणि नियतकालिकं वर्गणीदारांसाठी लिहिली जायची. पैसे देणाऱ्याला सत्कृत्य दिसायला हवं, त्यामुळे सत्कृत्य उठून दिसेल अशीच मांडणी. इथे ख्रिस्ती श्रद्धेतच एक पेच आहे, तो समजून घेतल्याशिवाय हा विषय हातात घेऊ नका. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू सांगतो की दान करताना डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नका. दहाव्या अध्यायाच्या शेवटी गार पाण्याच्या एका पेल्याचाही हिशेब राहील असं आश्वासन आहे. आणि पंचविसाव्या अध्यायात भुकेल्यांना जेवू घालणारे, आजाऱ्यांना भेटणारे लोक न्यायाच्या दिवशी गोंधळून जातात. आपण हे केव्हा केलं ते त्यांना आठवतच नाही. म्हणजे या श्रद्धेनुसार सगळ्यात खरी दया तीच, जिची नोंद करणाऱ्याकडेही नाही! श्रद्धा म्हणते विसरा, संस्था म्हणते अहवाल पाठवा. अभिलेखागारात तुमच्यासमोर येतो तो या ओढाताणीत संस्थेने जिंकलेला भाग.

आणि पाण्याच्या पेल्यावरून आठवलं. गॅलिलीत पाण्याचा पेला ही सर्वांत लहान गोष्ट असेल. कोकणात नव्हती. कोणाच्या हातचं पाणी चालतं यावर इथे अख्खा समाज उभा होता. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, या अनेक वर्षं झाल्या नाहीत. काही वर्षांनी नवऱ्याकडे राहायला गेल्या तरी सोवळं आणि स्वयंपाक वेगळा. पुढे एके दिवशी जात ही माणसाचीच करणी आहे हे मनात पक्कं झालं आणि मग त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा. त्यांच्या बाबतीत दुसऱ्याच्या हातचं पाणी घेणं हीच मोठी कृती होती, देणं नव्हे. हे कुठल्याही मिशन अहवालाच्या चौकटीत बसत नाही.

पण दयेची मर्यादाही याच पाण्यात दिसते. हमरापूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात महाड आहे. चवदार तळ्याचं पाणी १९२७ मध्ये बाबासाहेबांनी प्यायलं ते २० मार्चलाच. हॉल गेले तीच तारीख, एकशे एक वर्षांनंतरची. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. महाडला आलेल्यांना कोणी प्रेमाने पाणी पाजावं अशी त्यांची मागणी नव्हती. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं असल्याचं ठरवलं होतं, तो हक्क ते बजावत होते. ज्याला हक्क नाकारलाय त्याच्यापुढे दया कितीही गोड असली तरी तोकडी पडते. तुमच्या प्रबंधात ही बाजू नसेल तर परीक्षक विचारतील, आणि विचारायलाच हवं.

‘स्मृतिचित्रे’कडे परत येते, कारण माझ्या मते या विषयावर मराठीत यापेक्षा चांगलं साधन नाही. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झालं, लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या. त्यात रेव्हरंड टिळक कोणालाही काहीही देऊन टाकतात, कोणालाही घरी घेऊन येतात, आणि लक्ष्मीबाई ते सगळं भक्तिभावाने न लिहिता वैतागून, हसत हसत लिहितात. घरात पैसे नाहीत, पाहुणे मात्र आहेत. अहवालात जी ‘उदारता’ म्हणून आली असती, तिचा खर्च स्वयंपाकघरातून कसा वळता होतो ते इथे कळतं. दया कोणी केली हे विचारताना ती कोणाच्या जिवावर झाली हेही विचारायचं, हे मी या पुस्तकातून शिकले.

त्याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे राहिले, म्हणजे बालकवी. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, टिळकही तिथे होते. पुढे नगरला टिळकांच्या घरी ते मुलासारखे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला तोवरही नाहीत. लक्ष्मीबाईंच्या लिखाणात त्यांच्याबद्दलची माया त्यामुळे कुठे पातळ झालेली दिसत नाही. नकारानंतर काय झालं, हा मघाचा प्रश्न इथे लावून बघा. (साक्ष देणाऱ्याचीच आहे हे मात्र विसरायचं नाही.)

याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचं १८९३ चं प्रकरण ठेवा. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. धर्मशिक्षण नाही, असं ठरलेलं. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दार उघडं ठेवणं ही माया होती की युक्ती? शंभर वर्षं लोक यावर भांडतायत. मला ‘केसरी’ची शंका अगदीच निराधार वाटत नाही. अल्पवयीन, निराधार मुलगी आणि तिला आसरा देणारी बाई यांच्यात ‘स्वेच्छेने’ या शब्दाला किती अर्थ उरतो हा प्रश्न खरा आहे. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या विधवा मुलींसाठी स्वतःचं दार उघडं ठेवलं होतं, हाही खराच. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यामागे एकटी ख्रिस्ती श्रद्धा होती असं लिहू नका. तरुणपणी त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच उपाशी गेले होते. पोटातली भूक आठवणाऱ्या बाईला मत्तयाचा पंचविसावा अध्याय वेगळा वाचता येत असणार. या दोन कारणांची टक्केवारी काढायच्या फंदात पडू नये.

आता कामाचं बोलू. सुरुवात करायची असेल तर ‘ज्ञानोदय’च्या जुन्या फायली बघा. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरला सुरू झालं. मोठे लेख सोडा, पत्रव्यवहार आणि मृत्युलेख वाचा, लहान गोष्टी तिथे पडलेल्या असतात. अमेरिकन मिशनची मूळ कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, पण त्यांची छापील नियतकालिकं इंटरनेटवर फुकट मिळतात, तेवढ्यावर पहिलं वर्ष निभतं. कुलाबा जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटिअर जवळ ठेवा. मिशनच्या प्रत्येक कागदासमोर घेणाऱ्याच्या बाजूचा एक कागद शोधा, किहीमकरांच्या पुस्तकासारखा. असा कागद न मिळाल्यास तसं प्रबंधात स्पष्ट लिहा. टिपणवहीत तीन रकाने करा: कोणी केलं, कोणासाठी केलं, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं. बहुतेक पानांवर पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात एकच नाव येईल.

क्वचित तसं होत नाही. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. तो या काळ्या पंतोजीशी बरोबरीच्या नात्याने बोलला, कवितेवर, धर्मावर, आणि उतरताना नवा करार हातात देऊन गेला. वाचत राहा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाला. टिळकांनी वाचायला घेतलं आणि ते डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले, ज्यात डाव्या-उजव्या हाताची ती ओळ आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळं घेणाऱ्याने सांगितलं म्हणून आपल्याला कळतं. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कधीच समजलं नाही. वहीतला पहिला रकाना इथे रिकामा सोडायचा.